विवेक पेटीची किल्ली

दिनांक १७ जानेवारी २०२५, शुक्रवार. रुपये तीन लाख बारा हजार चारशे साठ फक्त.

एवढ्या रकमेचं बिल टेबलावर आलं तेव्हा केरू निरगुड्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग तारीख पाहिली. आधी तारीख, मग सही, मग रक्कम, हा त्यांचा चौतीस वर्षांचा क्रम. बिल नीतिमत्तेचं होतं.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली त्यांची कंपनी पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवायची. तिथले सोळा मॅनेजर दोन दिवस गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवर राहून 'मूल्यनिष्ठ व्यवस्थापन' शिकून आले होते. शिकवायला पुण्याहून प्रशिक्षक बोलावले होते. निरगुडे मनुष्यबळ विभागातले सगळ्यात जुने कारकून, म्हणून बिल तपासायला त्यांच्याकडे आलं. त्यांनी तपशील बोट ठेवून वाचला. मौनसत्रासाठी चटया, सोळा नग. अंतर्मनाला पत्र लिहिण्यासाठी हातकागद, सोळा संच. पितळी विवेकदीप, सोळा नग. आणि त्याखाली 'संघभावना, सायंसत्र' एवढ्याच शब्दांवर एकोणचाळीस हजार सहाशे रुपये.

सायंसत्राची हकिकत कंपनीच्या ड्रायव्हरने आधीच कँटीनमध्ये सांगितली होती. "पत्रं लिहून झाली, दिवे लावून झाले, मग साहेब लोकांनी वाइन चाखली. वाइन पुळचट निघाली म्हणून दुसरं मागवलं. खरेदीवाले साहेब तर माइक घेऊन स्वतःचं पत्र वाचता वाचता ढसाढसा रडले. सकाळी गाडीत बसताना विचारलं, साहेब, पत्र घेतलं ना? तर म्हणे, कसलं पत्र?"

निरगुड्यांनी बेरीज दोनदा केली. पै चुकलेली नव्हती. सोबत पावत्या होत्या, सह्या होत्या, कर बरोबर लावला होता. एवढं सगळं बरोबर असल्यामुळेच त्यांना त्या कागदाची जास्त किळस आली. त्यांनी 'तपासले' असा शिक्का मारला, सही केली, तारीख घातली आणि उठून हात धुऊन आले.

निरगुडे मूळचे दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख एक जून ठोकून दिली, तीच आयुष्यभर चालली. नाशिकला येऊन बी. कॉम. झाले, कंपनीत हजेरी लिहायला लागले आणि हजेरीच्याच विभागात केस पांढरे झाले. कधी कुणाचा चहाही फुकट प्यायले नाहीत, त्याचं कौतुकही कधी सांगितलं नाही. एकच खोड होती. तारीख आणि सही नसलेली गोष्ट त्यांना गोष्टच वाटायची नाही. उपनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत लोणच्याच्या बरणीवर तारीख, गॅसच्या टाकीवर तारीख, पंख्याला तेल दिल्याची तारीख पंख्याच्याच पात्यावर. त्यांची बायको आशा म्हणायची, "माझं कपाळ तेवढं कोरं राहिलंय. लग्नाची तारीख घालून टाका एकदाची, म्हणजे विसरायला नको."

३१ मे २०२५ ला ते निवृत्त होणार होते. उरलेले साडेचार महिने नेहमीसारखे जातील असं त्यांनी धरलं होतं.

रिसॉर्टवरून मॅनेजर मंडळी आणखी एक वस्तू घेऊन आली होती. आरपार दिसणाऱ्या पिवळ्या प्लॅस्टिकची पेटी, वर फट, खाली कुलूप. तिचं नाव विवेक पेटी. कंपनीत कुणालाही काही गैर दिसलं तर त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, नाव लिहायची गरज नाही, असं पेटीवरच्या फलकावर तीन भाषांत लिहिलं होतं. किल्ली कुणाकडे ठेवायची यावर सभा झाली. मनुष्यबळाचे मॅनेजर मयूर सर, वय छत्तीस, शर्टाची बाही नेहमी दोन घड्या वर, म्हणाले, "ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे अशा माणसाकडे. निरगुडे काका, दुसरं नावच नाही."

टाळ्या झाल्या. निरगुड्यांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं. त्यांनी त्याच दिवशी शंभर पानी रजिस्टर आणून त्याला ब्राउन कागदाचं कव्हर घातलं आणि रकाने आखले.

३१ जानेवारीला पेटी पहिल्यांदा उघडली. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. कँटीनच्या डाळीत पाणी, बायकांच्या संडासाला कडी नाही, कंपनीच्या डिझेलवर कुणाची तरी गाडी शिर्डीला जाऊन आली, असल्या. एकीवरही नाव नाही, सही नाही. निरगुड्यांच्या हिशेबी बिनसहीचा कागद म्हणजे चिठोरं. फलकावर काहीही लिहिलेलं असो, त्यांनी दर चिठ्ठीला एक पान देऊन अकराही नोंदींसमोर वळणदार अक्षरात लिहिलं, 'निनावी. दप्तरी दाखल.'

मयूर सरांनी ते पाहिलं आणि त्यांची कळी खुलली. "वा काका! अकरा तक्रारी, अकरा निकाली. तुम्ही म्हणजे सिस्टिम आहात."

आपल्या शिस्तीचं कौतुक झालं असं निरगुडे समजले. साहेबांना त्यात नेमकं काय आवडलं ते कळायला त्यांना आणखी महिना लागला.

कंपनीच्या फाटकाशी हिरवा फलक होता. 'अपघाताविना दिवस' असं वर लिहिलेलं आणि खाली आकडे अडकवायचे खिळे. रोज सकाळी आकडा बदलायचं काम निरगुड्यांकडे होतं. ४ फेब्रुवारीला, मंगळवारी, तिथे ७४१ लावून ते आत आले. सव्वाअकराच्या सुमाराला पत्रा दाबायच्या प्रेस शॉपकडून आरडाओरडा ऐकू आला.

प्रेसखाली कुसाबाईचा डावा हात सापडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरापासून गेली. कुसाबाई हरसूलकडच्या एका पाड्यावरची. भाताची कापणी झाली की सातपूरला यायची, ती सहा वर्षांपूर्वी आली आणि राहिलीच. कागदावर ती राजू शेठ नावाच्या ठेकेदाराची सफाई कामगार होती. झाडू तिच्या हातात सकाळचा अर्धा तास असायचा, पुढचे साडेसात तास ती प्रेस चालवायची. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर पंधरा दिवसांपासून काढून ठेवलेला होता, कारण तो असला की तासाला चाळीस नग कमी निघायचे.

तिला रिक्षात घालून खासगी डॉक्टरकडे नेलं. कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं असतं तर चोवीस तासांत अपघात कळवावा लागला असता. दुपारी मयूर सरांनी निरगुड्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उभं राहून मजकूर सांगितला. 'सदर महिला दिनांक ४ रोजी सकाळी कामावर येण्यापूर्वी राहत्या घरी चारा कापण्याच्या कुट्टी मशीनमध्ये हात जाऊन जखमी झाली. कंपनीने माणुसकीच्या भावनेतून उपचाराचा खर्च केला.'

निरगुड्यांचे हात टाइप करता करता थांबले. "सर, ती साडेसातला आत आलीय. हजेरी मीच लावलीय."

"हजेरी ठेकेदाराची वेगळी असते, काका. ती तो बघेल." मयूर सरांचा आवाज मऊ होता. अंगाला कसला तरी महागडा वास येत होता, संत्र्याच्या सालीसारखा. "चारशे माणसांची रोजीरोटी आहे. पुरस्काराचा अर्ज गेलाय आपला, नीतिमान व्यवस्थापनाचा. या वर्षी एक अपघात दाखवला की संपलं. तिला आपण सांभाळू ना. साक्षीदार म्हणून तुमची सही करा. तुमची सही असली की कुणी विचारत नाही."

निरगुड्यांनी सही केली. खाली तारीख घातली. चौतीस वर्षांत ज्या सहीला त्यांनी जपलं होतं ती दोन सेकंदांत झाली आणि शाई नेहमीसारखीच वाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी जाऊन त्यांनी एकचा आकडा काढला आणि दोनचा अडकवला. ७४२. पत्र्याचा आकडा खिळ्यावर अडकवताना किर्र वाजला, तो आवाज दिवसभर त्यांच्या दाढेत राहिला.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

सोळा दिवसांनी कुसाबाई हाताला पट्टी बांधून कामावर आली. आता तिला खरोखरच झाडू दिला होता. संध्याकाळी सुटी झाल्यावर कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवर तिने निरगुड्यांना गाठलं.

"भाऊसाहेब, त्या पिवळ्या डब्यात कागद टाकला तर कोण वाचतं?"

"समिती वाचते. किल्ली माझ्याकडे आहे."

"मंग बरं हाय. मला एक लिवून द्या. डॉक्टरनं कागद वाचून दावला मला. म्हणं घरच्या कुट्टी मशीनमंदी हात गेला." ती हसली. "आमच्या अख्ख्या पाड्यावर कुट्टी मशीन नाय. एक गाय हाय, ती डोंगरात चरती. ती काय मशीनवर जेवती व्हय?"

टपरीवाला हसला. निरगुडे हसले नाहीत. तो मजकूर आपण टाइप केला हे तिला माहीत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नाही.

"तुमाला काय पायजे, बाई?" त्यांनी विचारलं. तिच्याशी बोलताना त्यांच्या तोंडात मधूनच गावाकडची बोली यायची.

"बोटं तर काय येणार नाय. पण दर महिन्याला पगारातून विमा कापतात ना? कामावर बोट गेलं तर जल्मभर पेन्शन देतात, घरी गेलं तर नाय. आमच्या खोलीशेजारच्या एकाला मिळती. मंग माझी बोटं कामावर गेली एवढं कागदावर यावं. दुसरं काय नको."

निरगुड्यांनी खिशातलं पेन काढलं. मनात म्हणाले, झालेली चूक दुरुस्त करायचा हा रस्ता आहे, रीतसर. त्यांनी टपरीच्या बाकड्यावर बसून पत्र लिहिलं. तारीख, वेळ, प्रेसचा नंबर, काढून ठेवलेला सेन्सर, सगळं. खाली 'आपली विश्वासू' लिहून पेन तिच्या हातात दिलं. "सही करा. टोकन नंबर घाला."

तिने पेन घेतलं नाही. "नाव नको ना घालू. मीटिंगमधी सांगितलं, नाव नाय घातलं तरी चालतं."

"चालत नाही. बिननावाचा कागद मीच दप्तरी टाकतो. अकरा टाकलेत. त्याला किंमत नसते, बाई. नाव असेल तर उत्तर द्यावं लागतं."

"बघा हां भाऊसाहेब. तुमच्या भरवशावर."

"माझ्या भरवशावर."

तिने जिभेचं टोक बाहेर काढून दोन अक्षरं लिहिली. कुसा आणि पुढे एक फाटा. टोकन नंबर निरगुड्यांनीच घातला.

२८ फेब्रुवारीला समिती बसली. मयूर सर, उत्पादनाचे मॅनेजर आणि ते रडणारे खरेदी मॅनेजर. टेबलावर समोसे होते. निरगुड्यांनी पेटी उघडली, पत्र काढलं, रजिस्टरच्या चौदाव्या पानावर मजकूर शब्दशः उतरवला आणि पत्र पुढे ठेवलं. मनात त्यांना थोडी उभारी आल्यासारखं झालं होतं. आता हे काय करतात बघू, नाव आहे, सही आहे.

मयूर सरांनी वाचलं. "अक्षर तुमचं, काका?"

"हो सर. तिला लिहिता येत नाही. सही तिची, माझ्यासमोर केलेली."

"ग्रेट. असं धाडस पाहिजे माणसात." त्यांनी मोबाइलवर पत्राचा फोटो घेतला. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि निरगुड्यांना शेजारून स्पष्ट दिसलं, ते टोकन नंबर बघत होते. खरेदी मॅनेजर म्हणाले, "चटणी जरा इकडे द्या."

सोमवारी, ३ मार्चला, कुसाबाईला फाटकावर अडवलं. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, तुला ब्रेक दिलाय. किती दिवसांचा, ते शेठला विचार. ती जेवणाच्या सुटीपर्यंत फाटकाबाहेर, त्या हिरव्या फलकाच्या सावलीत बसून राहिली. निरगुडे बाहेर आले तशी उठली.

"भाऊसाहेब, तुमी म्हणला नाव घाल. घातलं. आता त्या नावाला गेट नाय."

भोवती माणसं डबे घेऊन चालली होती. ती म्हणाली, "नाव नसतं घातलं तर झाडू तरी राहिला असता हातात." ओरडून नाही, साधंच म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली.

ते तसेच मयूर सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तिला काढलं?"

"आपण कुठे काढलं? ती आपली कामगारच नाही, ठेकेदाराची आहे. त्याच्या निर्णयात आपण ढवळाढवळ करणं एथिकल नाही, काका." मयूर सरांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. तुमच्याविषयीच बोलायचं होतं. एकतीस मेला तुम्ही जाताय. प्लांट हेड म्हणाले, असा माणूस सोडायचा नाही. दोन वर्षं मुदतवाढ, याच पगारावर. 'विवेक अधिकारी'. केबिनही देऊ, छोटी."

निरगुडे खुर्चीच्या कडेला टेकले.

"फक्त वीस मार्चला पुरस्काराचे परीक्षक येतायत. त्याआधी रजिस्टरचं चौदावं पान नव्याने लिहा. त्या बाईचं नाव आणि मजकूर काढा. गोपनीयता हो. तक्रारदाराचं नाव असं उघडं ठेवणं आपल्याच धोरणाविरुद्ध आहे. बाकी सगळ्यांना तुम्ही 'निनावी, दप्तरी दाखल' लिहिलंत. हिलाही तेच लिहा. तुमचेच शब्द आहेत."

शब्द त्यांचेच होते. त्यांच्याच वळणदार अक्षरातले. निरगुड्यांना एकदम तो संत्र्याच्या सालीचा वास घशापर्यंत आल्यासारखा वाटला. "बघतो सर," एवढं म्हणून ते उठले. त्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकात बस अर्धा तास अडकली तेव्हा खिडकीत बसून ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते, जणू कुणाचा उष्टा चमचा चुकून हातात आलाय.

घरी जेवणानंतर त्यांनी आशाला सगळं सांगितलं. कुट्टी मशीनचं, सहीचं, पत्राचं, मुदतवाढीचं. तिने ताट बाजूला सारलं.

"किती तारखेची ती सही?"

"चार फेब्रुवारी."

"आज तीन मार्च. लोणच्याला तारीख घालता आणि हे महिनाभर बिनतारखेचं पोटात ठेवलंत?" तिने वाटी ताटात उपडी केली. "दोन वर्षांचा पगार मला नको असं मी म्हणणार नाही. पण त्या बाईला तुम्ही अजून सांगितलेलं नाही ना, की तो कागद तुम्हीच टाइप केला? मग त्या मयूरला नावं ठेवू नका माझ्यासमोर. निदान त्याला त्याचं काम चोख येतं."

एवढं लागेल असं त्यांना कुणी बोललं नव्हतं.

चौदावं पान त्यांनी बदललं नाही. बदलणार नाही असंही कुणाला सांगितलं नाही. त्यांचा एक भाबडा हिशेब होता. परीक्षक बाहेरची माणसं, मोठी, शिकलेली. त्यांनी पान वाचलं तर विचारतीलच.

२० मार्चला तीन परीक्षक आले. कुणाला भेट द्यायची नाही, कुणाकडून घ्यायची नाही अशी शपथ सोळाही मॅनेजरांनी घेतली होती, म्हणून परीक्षकांच्या गाड्यांत ठेवलेल्या निर्यातीच्या द्राक्षांच्या पेट्यांना 'आमच्या नाशिकची ओळख' म्हणायचं ठरलं होतं. जेवण झालं. त्यातले एक वयस्कर, शांत चेहऱ्याचे गृहस्थ द्राक्षं खात खात विवेक पेटीपाशी आले. निरगुड्यांनी रजिस्टर उघडून बरोबर चौदावं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

गृहस्थांनी चष्मा लावला. सगळं वाचलं. वाचताना बोट ओळीवरून फिरवलं, त्याचा द्राक्षाचा चिकट डाग कुसाबाईच्या नावावर पडला. "या प्रकरणाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मयूर सर दोन ढांगांत पोचले. पान बदललेलं नाही हे त्यांना तेव्हाच कळलं. तोंडावरची रेष हलली नाही. "चौकशी झाली, सर. घरगुती अपघात होता. बाईचा गैरसमज झाला होता. साक्षीदार आहे. हेच आमचे निरगुडे काका."

गृहस्थांनी निरगुड्यांकडे पाहिलं. निरगुड्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण गृहस्थांचा चेहरा आधीच उजळला होता. "म्हणजे तक्रार चुकीची असूनही तुम्ही ती शब्दशः, नावासकट जपून ठेवलीत! मिस्टर मयूर, मी अकरा कंपन्या पाहिल्या. सगळीकडे कोरी रजिस्टरं. पारदर्शकता म्हणतात ती ही." त्यांनी कागदावर काहीतरी गुण टाकले आणि रजिस्टर मिटता मिटता म्हणाले, "आणि अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!"

निरगुडे सरळ मोरीत गेले. नळ सोडला आणि खरोखरच ओकले. मघाशी साहेबांच्या आग्रहाने घेतलेला श्रीखंडाचा घास आधी बाहेर पडला.

५ एप्रिलला पुरस्कार मिळाला. काचेची पणती, खाली कंपनीचं नाव. समारंभात मयूर सरांनी निरगुड्यांना मिठी मारली आणि कानात म्हणाले, "काका, तुम्ही पान बदललं नाहीत त्याचा मला राग आला होता. पण जिंकलो त्याच पानावर. यू आर जीनियस." खिशात त्यांनी एक लिफाफा सारला. विवेक अधिकारी म्हणून नेमणुकीचं पत्र. तारीख बरोबर, सही बरोबर, पगाराचा आकडा बरोबर. खाली 'मान्य आहे' समोर कोरी रेघ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निरगुडे श्रमिकनगरला कुसाबाईची खोली शोधत गेले. ती ओझरकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसवर खोकी उचलायला जात होती. दारातच बसून गवारीच्या शेंगा मोडत होती, आठ बोटांनी.

"या भाऊसाहेब. आता कुठं सही करू?"

त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. कुट्टी मशीनचा मजकूर मी टाइप केला, साक्षीदाराची सही माझी आहे. उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. तिने शेंग मोडली. आणखी एक मोडली.

"म्हंजी तवा टपरीवर बसला होता तवा तुमाला ठावं होतं?"

"हो."

"आन् म्हणला, माझ्या भरवशावर." तिने शेंगांचे देठ त्यांच्या पायापाशी टाकले. "लय शिकलेलं माणूस तुमी."

निरगुड्यांनी खिशातून घडी घातलेली पानं काढली. मग म्हणाले, "उद्या विम्याच्या कार्यालयात जाऊ. या खेपेला अर्ज माझ्या नावाचा. खोटी सही मी केली असं लिहून आणलंय."

"त्यात माझं काय काय लिवलंय?"

"सगळं."

"मंग वाचून दावा आधी. मागच्या टायमाला नुसतं म्हणला सही कर."

त्यांनी दारात बसून तीन पानं वाचून दाखवली. तिने दोन ठिकाणी थांबवलं. प्रेसचा नंबर सात नव्हे, नऊ होता. आणि तिला उचलून रिक्षात घालणाऱ्या बुधाचं नाव राहिलं होतं. निरगुड्यांनी दोन्ही दुरुस्त केलं आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी बारीक सही केली.

७ एप्रिलला अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला, एक प्रत रीतीप्रमाणे कंपनीकडे गेली. नेमणुकीचं पत्र त्यांनी 'मान्य नाही' लिहून परत केलं. आठच दिवसांत त्यांना कंपनीची कारणे दाखवा नोटीस आली. खोटी साक्ष देऊन त्यांनी कंपनीच्या नीतिमत्ता धोरणाचा भंग केला होता, आणि अशा प्रकारांबाबत व्यवस्थापनाची भूमिका अत्यंत कठोर होती. खाली मयूर सरांची सही. निरगुड्यांनी नोटीस वाचली. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी उत्तरात तेवढंच लिहिलं, आरोप मान्य आहे, आणि ती खोटी साक्ष लिहायला कुणी सांगितली ते पुढच्या ओळीत. त्याचं उत्तर आलं नाही. ३१ मेला निरोपसमारंभ झाला नाही. किल्ली त्यांनी पावती घेऊन मयूर सरांच्या टेबलावर ठेवली. जाताना फाटकाशी पाहिलं, फलकावर ८५७ होतं. कुणी तरी दुसरा माणूस रोज आकडा बदलत होता.

जुलैत विम्याचे निरीक्षक कंपनीत येऊन गेले. बुधाने जबाब दिला आणि त्यालाही ब्रेक मिळाला. २२ ऑगस्टला कुसाबाईच्या नावाने पत्र आलं की अपघात कामावरचा धरला आहे, पेन्शन किती ते वैद्यकीय मंडळ ठरवेल, सोबत पुढील कागद दोन प्रतींत आणावेत. नोकरीबद्दल पत्रात काही नव्हतं, कारण तो त्या कार्यालयाचा विषय नव्हता. मयूर सरांना त्याच महिन्यात बढती मिळाली. चाकणच्या कारखान्यात ते आता नीतिमत्तेवर व्याख्यानं देतात असं ऐकिवात आहे.

कागदांच्या प्रती काढायला निरगुडे आणि कुसाबाई कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. सतरा पानं, चौतीस रुपये. निरगुड्यांकडे पाचशेची नोट होती, दुकानदाराकडे सुटे नव्हते. कुसाबाईने कमरेची पिशवी काढून नाणी मोजून दिली. निरगुडे म्हणाले, पुढच्या वेळी देतो. त्यानंतर भेट झालेली नाही. चौतीस रुपये द्यायचे राहिले आहेत.